मदत हवी आहे: जिप्सीचे पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलवर घेताना पुढचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं, त्याचा मागे कललेला कोन) किती ठेवावा?

गाडी मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी. मूळ पाटे एक्सलखालून जातात. ते वर घेतले की साधारण ५ इंच उंची मिळते. सध्या पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारे झुलते दुवे) आहेत आणि घोळ तिथेच आहे. पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे ते वाढवलं की एक्सल फिरतो, कॅस्टर घटतो. वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ येत नाही, ६०च्या पुढे गाडी भरकटते. पाचर घालून कॅस्टर परत आणला तर पिनियनचं (प्रॉपेलर शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो त्या गिअरचं) नाक खाली जातं आणि फोर व्हीलसाठी पुढचे हब लॉक केल्यावर प्रॉपेलर शाफ्ट थरथरतो. म्हणजे एक सांधलं की दुसरं उसवतं.

शॅकल मूळ मापाचे होतीलच. पण एक्सलवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करताना कॅस्टर किती अंश धरलात? एक्सलची टोकं कापून फिरवणं कुणी केलंय का, की तेवढा खटाटोप नको?

दुसरं, पाटे वर घेतले की ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा रॉड) पाट्याला घासते. त्याजागी घालतात तो झेड आकाराचा रॉड दगडात अडकल्यावर वाकतो, म्हणून तो नकोच वाटतो. नकलवर (चाकासोबत वळणाऱ्या भागावर) उंच आर्म बसवलेल्यांनी जॉब कसा केला ते सांगा. मागचा ब्रेक होज किती लांब घेतला, तेही. फोटो असतील तर चाक पूर्ण लोंबकळत असतानाचे टाका.