सोसायटीच्या हिशेबांवर दर रविवारी लिहिते, पण काम येण्याऐवजी जातंय. मदत हवी आहे

मंडळी, मुलुंड पूर्वेला माझी छोटी सीए प्रॅक्टिस आहे. मी आणि दोन आर्टिकल्स, म्हणजे सीएचं शिकणारी उमेदवार मुलं. बहुतेक काम हाउसिंग सोसायट्यांच्या ऑडिटचं. एकाच सोसायटीचं ऑडिट सलग तीन वर्षांपेक्षा जास्त करता येत नाही, त्यामुळे दरवर्षी दोन-चार सोसायट्या हातून जातातच. बरं, १९४९ च्या सीए कायद्यामुळे आम्हाला कामं मागत फिरता येत नाही. म्हणून दीड वर्षापूर्वी ठरवलं, निदान लोकांना शिकवू या.

दर रविवारी एक पानभर टिपण. फर्मचं नाव नाही, फोन नंबर नाही. सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची गंगाजळी) दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का का, मेंटेनन्स दरमहा ७,५०० च्या वर गेला की जीएसटीचं काय, असं. वाचतात खूप लोक. विलेपार्ल्याच्या एका सोसायटीने तर माझं पान नोटीस बोर्डावर लावलं आणि ऑडिट दिलं भलत्यालाच!

पण खरा घोळ पुढे आहे. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसवर लिहिलं, की फ्लॅट भाड्याने दिला तर सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांवर घेता येत नाहीत. टिपण फिरत फिरत माझ्याच एका सोसायटीत पोचलं. तिथे सरसकट दीड हजार घेत होते. एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सभेत, एक काका प्रिंटआउट घेऊन उभे राहिले, माझं वाक्य पिवळ्या हायलायटरने रंगवलेलं. रात्री साडेदहाला सेक्रेटरींचा फोन : "मॅडम, तुम्ही ऑडिटर आमच्या की त्यांच्या?" हाच शेरा मी ऑडिट रिपोर्टात दोन वर्षं मारत होते, तो कोणी उघडूनही बघितला नव्हता. तिसऱ्या वर्षासाठी कमिटीने माझं नाव काही सुचवलं नाही.

वाचणारे सभासद, आणि नाव सुचवणारी कमिटी. मग लिहायचं कोणासाठी? आणि सगळंच सांगून टाकलं तर आपल्याला विचारेल कोण? स्वतःच्या व्यवसायाबद्दल लिहिणाऱ्या वकील, आर्किटेक्ट मंडळींचा अनुभव काय?

प्रतिसाद
ताई, वकील नाही, पण गोरेगावच्या सोसायटीचा खजिनदार आहे. म्हणजे लिफ्टमध्ये गाठून माझं नाव घातलं. एप्रिलमध्ये आधीच्या खजिनदारांनी व्हाउचरांची पिशवी दारात ठेवली ती ठेवलीच. ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत एजीएम, आणि मग ऑडिटरच्या शेऱ्यांवर काय दुरुस्ती केली ते लिहायचा तो ओ फॉर्म. गेल्या वर्षीचा अजून कोरा आहे. सभासदांचे हक्क सांगणारे ढीगभर आहेत हो. आम्हाला कोण सांगतंय?

धागाकर्ती
ओ फॉर्मवर माझं एकही टिपण नाही, आत्ता लक्षात आलं. पण भरलेला नमुना दिला तर तुम्ही तो उतरवून मोकळे व्हाल, नाही का?

प्रतिसाद
उतरवणार कसा? आमच्या रिपोर्टात १४ शेरे आहेत, त्यातला एक लिफ्टच्या खर्चाचा २०१९ पासूनचा. तुमचा नमुना बघून एवढंच कळेल, की हे माझ्याने होणार नाही. मग मी तुमचा नंबर शोधेनच. टाका लवकर, आमची कमिटी मीटिंग येत्या रविवारीच आहे.