ऑनिंगच्या कॅनव्हासवरचे काळे ठिपके: जिवंत बुरशी की नुसता डाग?

नमस्कार. आम्ही खारघरला राहतो. जूनच्या सुरुवातीला काजवे पाहायला भंडारदऱ्याला गेलो असताना रात्री पाऊस लागला आणि गाडीच्या टपाला जोडायचे ऑनिंग, म्हणजे कापडी छत, ओलेच गुंडाळून आणावे लागले. उघडीप मिळाली की वाळवू, असे म्हणत मी ते माळ्यावर टाकले आणि ते खाली आले थेट दसऱ्याच्या साफसफाईत. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी येते. तिथे प्लास्टिकच्या पिशवीत चार महिने कोंडलेल्या ओल्या कापडाची दशा वेगळी सांगायला नको.

गच्चीवर मास्क लावून सुकी बुरशी मऊ ब्रशने झाडली, पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून तासभर लावून ठेवले, मग साध्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवले. बाजूच्या कनाती पॉलिस्टरच्या असल्याने जवळजवळ स्वच्छ झाल्या, कारण तिथे बुरशी धाग्यावर नव्हे, तर धुळीवर पोसली होती. वरचे छत मात्र सुती-पॉलिस्टर मिश्र कॅनव्हासचे आहे आणि सुताचा धागा हे बुरशीचे अन्नच असल्यामुळे ती विणीत आतपर्यंत उतरली असावी. कुबट वास गेला, पण शिवणींलगत मोहरीएवढे काळे ठिपके तसेच आहेत.

बुरशी मेली तरी तिचा रंग कापडात राहतो, एवढे मला माहीत आहे. ठिपके महिनाभर पसरले नाहीत आणि वास परतला नाही, तर ते नुसते डाग समजून सोडून द्यावेत का, की ओळखण्याची आणखी काही खूण आहे?

शेजाऱ्यांनी क्लोरीनचे ब्लीच सुचवले आहे, पण त्याने सुताचा धागा आणि शिवण कमजोर होते. शिवाय कापडात व्हिनेगर राहिले असेल तर दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून मी ते टाळले. त्याऐवजी सोडियम परकार्बोनेट (क्लोरीन नसलेली, ऑक्सिजन सोडणारी ब्लीच पावडर) कोमट पाण्यात विरघळवून कोणी रंगीत कॅनव्हासवर वापरले आहे का? प्रमाण किती घेतले आणि रंग कितपत उतरला?

धुतल्यापासून छतावर पाणी मोत्यासारखे न थांबता मुरते आहे, त्यामुळे जलरोधक लेप पुन्हा द्यावाच लागेल. तो देण्यापूर्वी डाग काढणे आवश्यक आहे का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. घरच्यांचे मत ‘भंगारात द्या’ असे आहे, ते तूर्तास बाजूला ठेवले आहे.