मदत हवी आहे: ‘वस्तू स्वतः येऊन न्यावी’ ही अट न वाचता बोली लावणाऱ्या खरेदीदारांशी कसे वागावे?

मी ऑनलाइन लिलावात अधूनमधून जुने लाकडी सामान विकतो. गेल्या आठवड्यात काचेच्या दारांचे पुस्तकांचे एक कपाट लिलावात लावले होते. ‘फक्त स्वतः येऊन नेण्यासाठी’ हे शब्द मी शीर्षकात घातले, वर्णनाच्या पहिल्याच ओळीत पुन्हा लिहिले आणि पाठवणीच्या रकान्यातही तोच पर्याय निवडला. तरीही लिलाव संपल्यावर तासाभरात बोली जिंकणाऱ्या गृहस्थांनी पूर्ण रक्कम भरली आणि निरोप ठेवला, ‘कुरिअरने पाठवा, जो काही खर्च येईल तो देतो.’ वर्षभरात ही तिसरी वेळ आहे.

ही अट मी हट्टापायी घातलेली नाही. कपाट १५० सेंटिमीटर उंच, ९० रुंद आणि ४५ खोल आहे. अनेक कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांतले जे जास्त असेल ते धरतात. तिन्ही मापांच्या गुणाकाराला ५००० ने भागण्याच्या प्रचलित रीतीने हे कपाट १२१.५ किलोचे ठरते, आणि त्यात वेष्टनाची जाडी अजून धरलेली नाही. खर्च कोणी दिला तरी काचांचा प्रश्न उरतोच. दारांच्या काचा बारीक लाकडी पट्ट्यांनी धरलेल्या आहेत, डाव्या दाराची खालची पट्टी सैल झाली आहे आणि दार उघडताना काच खुळखुळते. हे मी फोटोसह नमूद केले होते. जो स्वतः येतो तो पट्टीला हात लावून पाहतो, आणि कपाट आडवे न्यायचे की उभे, हे आम्ही दोघे तिथेच ठरवतो. कुरिअरने पाठवलेल्या कपाटाची काच फुटली तर ती आधीच फुटलेली होती की वाटेत फुटली, हे सिद्ध करणे मला शक्य नाही. मागच्या वेळी भिडेखातर एक आरसा पाठवला, त्याचा कोपरा तडकून पोहोचला आणि सगळे पैसे परत करावे लागले. त्याआधीच्या खरेदीदाराने पैसेच भरले नव्हते, त्यामुळे तो व्यवहार आपोआप मिटला.

या वेळी मी नम्रपणे अट लक्षात आणून दिली, तेव्हा उत्तर आले, ‘मग माझा माणूस टेम्पो घेऊन येईल.’ माझी खरी अडचण इथे आहे. ईबेवर खरेदीदाराला क्यूआर कोड आणि ६ अंकी क्रमांक मिळतो. वस्तू ताब्यात घेताना तो विक्रेत्याला दाखवला की ती दिल्याची नोंद होते. मी विकतो त्या संकेतस्थळावर तशी सोय नाही. टेम्पोवाल्याच्या हाती कपाट दिले आणि चार दिवसांनी ‘वस्तू मिळालीच नाही’ अशी तक्रार आली, तर माझ्याकडे दाखवायला काय असेल? खरेदीदाराचे आधी लेखी संमतिपत्र घ्यावे, येणाऱ्याचे नाव व गाडीचा क्रमांक त्यांच्याच निरोपातून मागवावा आणि कपाट गाडीत चढवताना, विशेषतः त्या सैल पट्टीचा, व्हिडिओ काढावा असे मला सुचते. एवढे पुरेसे असते का? ज्यांनी असे व्यवहार केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

दुसरा प्रश्न सौदा रद्द करण्याचा आहे. वस्तू उपलब्ध नाही असे खोटे कारण मला द्यायचे नाही. ते अप्रामाणिक आहे, आणि ईबेसारख्या ठिकाणी त्याची विक्रेत्याच्या नोंदीत उणी बाजू म्हणून गणना होते. खरेदीदारानेच रद्द करण्याची विनंती केली तर तसे होत नाही. पण ती विनंती करा असे त्यांना दुखावल्याशिवाय कसे सुचवावे? ईबेने २००८ पासून विक्रेत्यांना खरेदीदारांविषयी नकारात्मक अभिप्राय देता येणार नाही असे ठरवले आणि माझ्या संकेतस्थळाचा नियमही तोच आहे. म्हणजे ते माझ्याविषयी वाईट लिहू शकतात, मी त्यांच्याविषयी नाही. हे गृहस्थ लबाड असतील असे मला वाटत नाही, त्यांनी फक्त वाचले नसावे.

पैसे अजून तसेच पडून आहेत आणि उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर देतो असे मी त्यांना कळवले आहे. तोवर शक्य झाल्यास, त्यांना पाठवण्याच्या निरोपाचे नेमके शब्द सुचवावेत ही विनंती.