ग्रामीण रुग्णालयात संगणकीय रुग्णनोंदी: अनुदानाच्या प्रस्तावात खर्च कसा मांडावा?

प्रश्न
आमची संस्था वीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय चालवते. सगळा कारभार केसपेपरवर आहे आणि जुना कागद सापडला नाही की रुग्णाला सगळे पहिल्यापासून विचारावे लागते. संगणकीय नोंदींसाठी अनुदानाचा प्रस्ताव तयार करत असून त्यात संगणक, सर्व्हर, प्रिंटर आणि सॉफ्टवेअरचा परवाना एवढा खर्च धरला आहे. यात काय राहून गेले आहे?

उत्तर १
आपला जवळपास सगळा खर्च अनावर्ती, म्हणजे एकदाच होणारा आहे आणि प्रस्ताव तिथेच लंगडा पडतो. यंत्रे पहिल्या वर्षी येतात. बॅटऱ्या बदलणे, देखभालीचा करार आणि नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला शिकवणे हे खर्च पुढे येतात, तेव्हा अनुदान संपलेले असते. अमेरिकेत संगणकीय रुग्णनोंदींना प्रोत्साहन देणाऱ्या २००९ च्या हायटेक कायद्याखाली मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे रुग्ण पाहणाऱ्या पात्र डॉक्टरला सहा वर्षांत मिळून कमाल ६३,७५० डॉलर मिळत: पहिल्या वर्षी २१,२५० आणि नंतर दरवर्षी ८,५००. पहिला हप्ता प्रणाली घेतल्यावरही मिळे, पुढच्या हप्त्यांसाठी मात्र तिचा खरोखर उपयोग होत असल्याचे दाखवावे लागे. अनुदानदात्याने अट घातलेली नसली तरी आपण स्वतःहून आवर्ती खर्च वर्षवार मांडावा.

उत्तर २
परवान्याचा खर्च वाचू शकतो. ओपनएमआरएस ही रुग्णनोंदींची प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे परवाना शुल्काशिवाय वापरता येते, आणि त्यावर उभारलेल्या बाह्मनी या प्रणालीत प्रयोगशाळा व बिलाची सोयही आहे. बाह्मनीची सुरुवात छत्तीसगडमधील गनियारी येथील ग्रामीण रुग्णालयासाठी झाली होती. मात्र प्रणाली फुकट मिळाली तरी ती बसवणारा आणि बिघडल्यावर धावून येणारा माणूस फुकट मिळत नाही, म्हणून वाचलेली रक्कम त्याच्या मानधनाकडे वळवावी. कोणतीही प्रणाली घेतली तरी सर्व नोंदी फायर (FHIR) या आरोग्यनोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकात बाहेर काढता येतील, हे करारात लिहून घ्यावे, नाहीतर पुरवठादार बदलताना आपल्याच रुग्णांच्या नोंदी अडकून पडतात.

उत्तर ३
संक्रमणकाळाचा खर्च कोणीच धरत नाही. आमच्या दवाखान्यात सुरुवातीचे कित्येक आठवडे परिचारिका बाह्यरुग्ण विभागात कागदावर लिहीत आणि संध्याकाळी तेच संगणकात भरत. एकदा दुपारी वीज गेली, रक्तदाबाचे आकडे तळहातावर लिहिले गेले आणि हात धुताना पुसले गेले! त्यानंतर आम्ही इन्व्हर्टर आणि एक तात्पुरता नोंदणी-साहाय्यक असे दोन्ही मागितले. इंटरनेट नसतानाही नोंद स्थानिक सर्व्हरवर राहील, अशीच प्रणाली निवडावी.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. परवान्याची रक्कम साहाय्यकाच्या मानधनात वळवून पाच वर्षांचा आवर्ती खर्च वेगळ्या तक्त्यात मांडतो. जुन्या केसपेपरांपैकी फक्त मधुमेह, रक्तदाब आणि क्षयाच्या चालू रुग्णांचे कागद संगणकात भरायचे ठरवले, तर ते प्रस्तावात कमी वाटेल का?

उत्तर १
उलट तेच पटेल. जे रुग्ण पुन्हा येणार आहेत, त्यांचेच कागद आधी भरावेत.