एचबीओवर जाहिराती आपल्याकडंच होत्या का?

नागपूरचा_भाचा: लहानपणी उन्हाळ्यात दिग्रसला मामाकडे एचबीओ हे इंग्रजी पिक्चरचं चॅनल पाहायचो. ऐन रंगात आलं की ब्रेक! आता वाचतोय की अमेरिकेत हे चॅनल बिनजाहिरातीचं. मग चालायचं कशावर?

जुना_केबलवाला (दारव्हा तालुका): भाऊ, ह्याचं उत्तर मलेच द्या लागते, कारण त्या जाहिरातीत थोडा हात माह्याबी हाय.

तिकडं हे चॅनल ८ नोव्हेंबर १९७२ ले सुरू झालं, पेनसिल्वेनियातल्या विल्क्स-बॅरे गावातून. घरं किती? ३६५. आपल्या एका खेड्याएवढी! पहिले हॉकीची मॅच दाखवली, मंग पिक्चर. लोकाईनं महिन्याचे पैसे द्याचे अन् बिनाब्रेकचं पाहाचं. घरं मोजलेली, पैसे मोजलेले.

इथं ते आलं २००० साली. मी दोनेक सालानं चॅनलचा सिग्नल उघडनारा डबा घेतला. एक डबा, एक कार्ड, तिथून वायर साऱ्या गावात. मे महिन्यात डबे अन् वायरीवर चॅनल चढवनारे मॉड्युलेटर असे तापत का घरातला एकुलता एक कूलर त्याइच्याकडं तोंड करून ठेवा लागे. बायको-लेकरं अंगनात. कनेक्शन होते २८०, कागदावर म्या दाखवले ६०. तवा बहुतेक सारेच असे करत. चॅनलवाल्याले घराघरातून पैसा पोचतच नसे, मंग तो जाहिरात नाई दाखवन तं खाईन काय?

यवतमाळची_मास्तरीण: काका, ही चोरीच की!

नागपूरचा_भाचा: चोरी तिकडंही होती म्हणा. खेड्यातले लोक मोठ्या डिशवर एचबीओ फुकट पाहायचे, म्हणून जानेवारी १९८६ पासून सिग्नलला कुलूप लागलं. त्याच एप्रिलात एका डिशवाल्यानं चिडून सॅटेलाइटवर आपलाच सिग्नल घुसवला. साडेचार मिनिटं पडद्यावर त्याचा निरोप, की महिन्याला १२.९५ डॉलर देणार नाही!

यवतमाळची_मास्तरीण: पण २०१३ मध्ये आपल्याकडंही बिनजाहिरातीची दोन आली होती ना, एचबीओ डिफाइन्ड आणि एचबीओ हिट्स?

जुना_केबलवाला (दारव्हा तालुका): आली अन् तीन सालात गेली. त्याले सेट टॉप बॉक्स पाहिजे, अन् सरकारच्या केबल डिजिटल कराच्या यादीत खेड्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

खरं सांगू मास्तरीनबाई, गावात एचबीओ पाहे कोन? एक डॉक्टर, अन् रात्री अकरानंतर दोन-चार पोट्टे. डिसेंबर २०२० ले चॅनल इथं बंद झालं तं एकानंबी फोन नाई केला. डबा म्या कवाच भंगारात देल्ला. कार्ड हाय अजून, नातू त्यानं कॅरमवरची पावडर गोळा करते.