मुलाला हर्लिंगच्या क्लबात घालावे का? (लिमरिक, आयर्लंड)

गोदावरी (लिमरिक):

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे नाशिकचे असून गेल्या ऑगस्टपासून लिमरिक शहराच्या दक्षिणेकडील डूराडॉइल भागात राहतो. मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि माझ्या पाळ्या बदलत असतात. यजमान घरूनच काम करतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि मुलगी नुकतीच बारा पूर्ण करून तेराव्यात गेली आहे. शाळेत आठवड्यातून एकदा हर्लिंग, म्हणजे लाकडी काठीने चेंडू मारण्याचा इथला खेळ, शिकवायला प्रशिक्षक येतात आणि तेव्हापासून मुलगा संध्याकाळी परसदारच्या भिंतीवर चेंडू मारण्यात जेवणखाणसुद्धा विसरतो. आता प्रशिक्षकांनी त्याच्या हाती चिठ्ठी पाठवली आहे की, शनिवारी सकाळी क्लबाच्या मैदानावर त्याला घेऊन यावे.

माझ्या मनात काही शंका आहेत. पहिली अशी की, इथले सगळे क्लब ‘पॅरिश’चे असतात असे सांगतात आणि पॅरिश म्हणजे तर चर्चची हद्द, मग आमच्यासारख्या हिंदू कुटुंबाने तिथे जाणे त्यांना आणि आम्हाला अवघड वाटणार नाही ना? दुसरी शंका दुखापतीची आहे, कारण लाकडी काठ्या डोक्याच्या उंचीवर फिरताना पाहून माझा जीव धास्तावतो. तिसरी शंका अशी की, इथे सगळे जण सतत ‘चॅम्पियनशिप’बद्दल बोलत असतात, ज्यांचे आजोबा-पणजोबा याच क्लबाकडून खेळले त्या मुलांमध्ये आमच्या मुलाला खेळायला मिळेल, की तो नुसता बाकावर बसून राहील? आणि शेवटचे मोकळेपणाने सांगते: २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या वाचल्यापासून मुलांना अनोळखी घोळक्यात एकटे सोडताना मन कचरते. ज्यांची मुले अशा क्लबांत खेळली आहेत त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

लिफीकाठ (डब्लिन):

गोदावरीताई, पॅरिशबद्दलची तुमची शंका माझ्याही मनात चौदा वर्षांपूर्वी होती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी, जिला सगळे जीएए म्हणतात ती संघटना, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) थर्लस गावी एका हॉटेलात स्थापन झाली. मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन यांनी पुढाकार घेतला आणि कॅशलचे आर्चबिशप क्रोक हे पहिले आश्रयदाते झाले; डब्लिनच्या मोठ्या मैदानाला क्रोक पार्क हे नाव त्यांच्यावरूनच मिळाले. खेड्यापाड्यांत लोकांना माहीत असलेली, सर्वांना मान्य असलेली सीमा म्हणजे पॅरिश, म्हणून क्लबांची आखणीही त्याच सीमांवर झाली. आज पॅरिश हा शब्द क्लबाच्या संदर्भात आपल्या ‘शिवार’ किंवा ‘पंचक्रोशी’सारखा वापरला जातो. नोंदणीच्या वेळी धर्म कोणीही विचारत नाही. तुम्ही कुठे राहता हे मात्र विचारतात, कारण कित्येक काउंट्यांमध्ये राहत्या पॅरिशच्या क्लबातच नाव घालावे लागते आणि क्लब बदलायचा तर काउंटी मंडळाकडे रीतसर बदली मागावी लागते. आमच्या डब्लिनमध्ये हे बंधन तितके काटेकोर नाही.

आता चॅम्पियनशिपबद्दल सांगतो, कारण तिची उतरंड एकदा डोक्यात बसली की इथल्या लोकांचे अर्धे बोलणे कळू लागते. सर्वांच्या तळाशी क्लब आहे. काउंटीतले क्लब सीनियर, इंटरमीजिएट आणि ज्युनियर अशा श्रेणींत आपापसांत खेळतात. काउंटीचा विजेता क्लब प्रांताच्या स्पर्धेत जातो. मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर हे चार प्रांत आहेत, आणि तुमचे लिमरिक मन्स्टरमध्ये येते. प्रांतांचे विजेते मग ऑल-आयर्लंड क्लब विजेतेपदासाठी झुंजतात. याला समांतर अशी काउंटी संघांची स्पर्धा असते, जिच्यासाठी क्लबांतूनच खेळाडू निवडले जातात. अलीकडे वर्षाचे दोन भाग केले आहेत: जुलैअखेरपर्यंत काउंटीचा हंगाम आणि त्यानंतर क्लबांचा. या सगळ्यात कोणत्याही खेळाडूला मानधन नसते. क्रोक पार्कवर ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर खेळलेला शिक्षक किंवा सुतार दुसऱ्या दिवशी आपल्या कामावर असतो, आणि पुढच्या आठवड्यात आपल्याच क्लबाच्या लहान मुलांना काठी धरायला शिकवताना दिसतो. मला या संघटनेबद्दल जो आदर वाटतो तो मुख्यतः याच गोष्टीमुळे.

प्रांतांच्या रचनेतही मौज आहे. गॅलवे हे कॉनॉटमधले, परंतु त्यांचा हर्लिंगचा संघ २००९ पासून लेन्स्टरच्या स्पर्धेत खेळतो, कारण कॉनॉटमध्ये त्यांच्या तोडीचा दुसरा संघ नव्हता. आणि परदेशी गेलेल्या आयरिश लोकांचे लंडन आणि न्यू यॉर्कचे गेलिक फुटबॉलचे (चेंडू हातांनी आणि पायांनी खेळायचे इथले फुटबॉल) संघ कॉनॉटच्या स्पर्धेत उतरतात. घर सोडून दूर गेलेल्यांना सामावून घेण्याची सवय या खेळांना अशी जुनीच आहे. बाहेरून येथे आलेल्यांसाठी तीच सवय वापरायला ही मंडळी आता शिकत आहेत.

तुम्ही लिमरिकमध्ये आहात, तेव्हा एक गोष्ट जरूर जाणून घ्या. १९७३ नंतर पंचेचाळीस वर्षे लिमरिकला हर्लिंगचे ऑल-आयर्लंड विजेतेपद मिळाले नव्हते. ते २०१८ मध्ये मिळाले आणि त्यानंतर २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षे मिळाले. तुमच्या मुलाच्या वर्गातली मुले याच काळात मोठी झाली आहेत. त्यामुळे त्याला लागलेले वेड हे त्याचे एकट्याचे नाही, त्या सबंध गावाचे आहे.

शॅननपार (रॉसकॉमन):

नमस्कार. तुमच्या तिसऱ्या आणि चौथ्या शंकेबद्दल लिहितो.

मी ज्या भागात राहतो तिथे बॅलाहाडरीन नावाचे छोटे शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने काउंटीची सीमा बदलली आणि मेयोतले हे शहर रॉसकॉमनमध्ये आले. पण तिथला क्लब मात्र आजतागायत मेयोच्याच चॅम्पियनशिपमध्ये खेळतो. सरकारी नकाशापेक्षा क्लबाची निष्ठा इथे किती खोल आहे, हे यावरून कळते. अशा ठिकाणी बाहेरच्याला जागा मिळत नसेल असे कोणालाही वाटेल, परंतु याच क्लबातून पाकिस्तानातून लहानपणी आलेला शाइरोझ अक्रम पुढे आला आणि २०१६ मध्ये एकवीस वर्षांखालील ऑल-आयर्लंड फुटबॉल जिंकणाऱ्या मेयोच्या संघात खेळला.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. झॅक मोराडी हा इराकमध्ये निर्वासित कुर्दी कुटुंबात जन्मला आणि २००२ मध्ये लेट्रिम काउंटीतल्या कॅरिक-ऑन-शॅननला आला. लेट्रिममध्ये हर्लिंग फार थोडे लोक खेळतात. तरीही हा मुलगा तिथे हर्लिंग शिकला, काउंटीच्या संघात गेला आणि २०१९ मध्ये क्रोक पार्कवर लॉरी मेहर चषक जिंकणाऱ्या संघात होता. ही स्पर्धा काउंटी संघांच्या हर्लिंगची पाचवी पायरी आहे, आणि अंतिम सामन्यातला प्रतिस्पर्धी होता इंग्लंडमधल्या लँकेशरचा संघ. वरच्या पायरीवरचे उदाहरण हवे असेल तर कॉर्कचा शॉन ओग ओ हाल्पीन आहे. फिजीमध्ये जन्म, आई रोटुमा बेटावरची, वडील आयर्लंडमधल्या फर्माना काउंटीचे. अकराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाहून कॉर्कला आला आणि २००५ मध्ये ऑल-आयर्लंड जिंकणाऱ्या कॉर्कचा कर्णधार झाला. चषक स्वीकारताना त्याने भाषण आयरिश भाषेत केले.

परंतु ही नावे घेऊन मी तुमची काळजी झटकून टाकणार नाही. मैदानावर किंवा कडेने वंशद्वेषी बोलणे हा जीएएच्या नियमांप्रमाणे शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे, तरी असे बोलणे कधीच कानावर येत नाही असे मी म्हणणार नाही. माझ्या पुतण्याला एका सामन्यात समोरच्या मुलाने असेच काही म्हटले होते. आमच्या प्रशिक्षकाने खेळ तिथेच थांबवायला लावला, पंचांना सांगितले आणि सामना संपल्यावर स्वतः घरी येऊन भावाशी बोलले. ते घरी आले, याचा मुलावर सर्वांत जास्त परिणाम झाला. प्रत्येक क्लबात मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली एक व्यक्ती असते आणि मुलांना शिकवणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पोलिसांमार्फत पडताळणी झालेली असते. पहिल्याच दिवशी त्या व्यक्तीचे नाव विचारून घ्या. कोणालाही त्यात वावगे वाटणार नाही.

लीकाठची आई (कॉर्क):

गोदावरीताई, वरच्या दोघांनी लिहिलेले सगळे खरे आहे, पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो लिहिणे मला आवश्यक वाटते.

बारा वर्षांखालील मुलांसाठी ‘गो गेम्स’ नावाची पद्धत आहे. त्यात पंधराऐवजी कमी खेळाडूंचे संघ असतात, मैदान लहान असते, विजेतेपद नसते आणि आलेल्या प्रत्येक मुलाला खेळवायचेच असते. त्यामुळे तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाची तुम्ही जराही काळजी करू नका. तो योग्य वयात जात आहे. काळजी आहे ती तेराव्या-चौदाव्या वर्षाची. तिथे खरी चॅम्पियनशिप सुरू होते, बाद फेरीचे सामने येतात, आणि ज्या मुलाने पाचव्या वर्षापासून काठी धरली आहे त्याच्यात व नुकत्याच आलेल्या मुलात फरक उघडा पडतो. माझा मोठा मुलगा बाराव्या वर्षी क्लबात गेला. दोन वर्षे तो प्रत्येक सरावाला गेला आणि तरीही एका संपूर्ण हंगामात त्याला चॅम्पियनशिपच्या सामन्यात एक मिनिटही मैदानावर उतरवले नाही. शेवटच्या सामन्यानंतर त्याने हेल्मेट कपाटात ठेवले ते पुन्हा काढले नाही. त्या प्रशिक्षकांच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणत नाही. त्यांना सामना जिंकायचा होता. पण नवख्या मुलांना आवर्जून बोलावणारा क्लब त्यांना टिकवण्यासाठी काय करतो हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि ज्या क्लबात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी दुसरा, दुय्यम श्रेणीचा संघ उतरवतात तिथे ही मुले टिकतात, हे मी धाकट्याच्या क्लबात डोळ्यांनी पाहिले आहे.

म्हणूनच मला तुमच्या मुलापेक्षा मुलीबद्दल अधिक लिहावेसे वाटते. तिच्यासाठी कॅमोगी, म्हणजे मुलींचे हर्लिंग आहे, आणि गेलिक फुटबॉलही आहे. तिच्या वयाला नव्याने सुरुवात करायची तर फुटबॉल सोपे जाईल, कारण हातात काठी सांभाळण्याचे कौशल्य जमायला वर्षे लागतात. धावणे, झेलणे आणि जागा हेरणे मात्र आपल्या मुलींना लंगडी आणि खो-खोतून येतेच. प्रशिक्षकांना आधीच स्पष्ट विचारा की तिच्या वयोगटात नवीन मुलींना सामन्यात किती वेळ मिळतो.

आणखी एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका. आम्ही मुलाला मैदानाच्या फाटकाशी सोडायचो आणि तासाभराने न्यायला यायचो. क्लब हा शिकवणीचा वर्ग नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. गोलमागे उभे राहणे, दुसऱ्या गावच्या सामन्याला चार मुलांना गाडीतून नेणे, सामन्यानंतर चहा-सँडविचची सोय पाहणे, क्लबाच्या लोट्टोची (सोडतीची) तिकिटे खपवणे, हे सगळे पालकच करतात आणि ओळखी तिथेच होतात. धाकट्याच्या वेळी मी एका शनिवारी न सांगता भांडी विसळायला उभी राहिले. त्या दिवसापासून मला सगळ्या जणी नावाने हाक मारतात. क्लबात ‘गेलिक फॉर मदर्स अँड अदर्स’ हा उपक्रम असेल तर तुम्ही स्वतःही जा. तिथे स्पर्धा नसते आणि कधीच चेंडू हाती न धरलेल्या बायकाही येतात.

शेवटी एक अडचण आधीच सांगून ठेवते. आपण सगळे उन्हाळ्यात पाच-सहा आठवडे भारतात जातो आणि नेमका तेव्हा मुलांचा हंगाम भरात असतो. प्रशिक्षकांना तारखा आधी कळवल्या तर ते समजून घेतात. न सांगता गेले की मुलाचा रस संपला असा त्यांचा समज होतो.

गोदावरी (लिमरिक):

सर्वांचे मनापासून आभार. मुलीबद्दल मी असा विचार केलाच नव्हता. आज तिच्याशी बोलले तेव्हा ती म्हणाली की, वर्गातल्या दोघीजणी फुटबॉलला जातात आणि त्यांनी तिला विचारलेही होते, पण आम्ही नको म्हणू असे वाटून ती गप्प राहिली. मला फार वाईट वाटले. या शनिवारी माझी रात्रपाळी संपवून मी थेट मैदानावरच जाणार आहे आणि यजमान दोघांनाही घेऊन येतील. दुखापतीबद्दल आणि साहित्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

लिफीकाठ (डब्लिन):

हर्लिंगमध्ये तोंडाला जाळी असलेले हेल्मेट सर्वांनाच सक्तीचे आहे. मोठ्यांनाही २०१० पासून. आत आय. एस. ३५५ हा मानक क्रमांक छापलेला आहे ना ते पाहून घ्या, आणि मोठे होईल म्हणून एक माप मोठे अजिबात घेऊ नका. फुटबॉल खेळताना मुलीला दातांचे संरक्षक कवच लागेल. दुखापत निधीचा लाभ नोंदणी झालेल्या खेळाडूंनाच मिळतो, म्हणून पहिल्या एक-दोन शनिवारांनंतर नोंदणी लांबवू नका. बोटांना मार बसतो, तो मात्र बसतोच. बऱ्याच क्लबांत लहान मुले एका हातात पातळ मोजा घालतात. चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा बराच हलका असतो, आणि अगदी लहानांना त्याहून मऊ चेंडू देतात.

काठी विकत घेण्याआधी प्रशिक्षकांना विचारा. बहुतेक क्लबांत सुरुवातीला उसनी मिळते. मुलगा उभा असताना काठी त्याच्या मनगटापर्यंत आली म्हणजे पुरे. आणि एक गोष्ट आजच तपासा. आपली उजव्या हाताची मुले क्रिकेटची बॅट धरल्यासारखा डावा हात वर ठेवतात. हर्लिंगमध्ये उजवा हात वर हवा, कारण धावताना काठी त्या एकाच हातात राहते आणि दुसऱ्या हाताने चेंडू झेलायचा असतो. माझ्या मुलाची ही सवय मोडायला एक पूर्ण हिवाळा गेला. तुमचा मुलगा भिंतीवर चेंडू मारतो तेव्हा कोणता हात वर असतो, ते पाहून ठेवा आणि शनिवारी प्रशिक्षकांना सांगा.