मदत हवी आहे : पांदणीवर पळणारी पोरगी मैदानात गेली की ढेपाळते

रामराम मंडळी. आमचं गाव दारव्ह्याकडे. पुतणी पोलीस भरतीची तयारी करून राहिली. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटर अन् 4 किलोच्या गोळाफेकीचे 15-15. गोळा ठीक जाते. अडते ते 800 मध्येच.

पहाटे पांदणीनं एकटी पळते तेव्हा घड्याळ पाहून मलाच नवल वाटते. पण मागच्या चाचणीत छातीवर नंबर लागला अन् हात गार, तोंड कोरडं. शिट्टी वाजताच बाकीच्या पोरींमागे अशी सुटली की अर्ध्यातच दम खलास. शेवटी पाय उचलेचना. सुरुवातीलाच जोर लावला की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, हे तिलाही पाठ आहे. पण ऐनवेळी आठवते कोणाला! वरून रांगेत दोन तास बसून अंग आखडलेलं.

भरती झालेल्या ताई-दादांनो, रांगेत अंग गरम कसं ठेवलं? पहिल्या फेऱ्यात वेग आवरायची सवय कशी लावली? गावातली पोट्टी जमवून, शिट्टी मारून खोटी चाचणी घेतली तर भीती मोडेल का? अन् पळायच्या किती आधी काय खायचं? ती तर उपाशीच जाते.